तिथी पाहून बोट ठरवा: रेवदंडा-मुरुडच्या चार्टर मासेमारीचं परीक्षण, खानदेशातल्या गळवाल्यांसाठी

हतनूर, गिरणा, वाघूर आणि उकाईच्या फुगवट्यावर वर्षानुवर्षं गळ टाकणाऱ्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मंडळींनी रायगड किनाऱ्यावर दिवसभराची लहान बोट भाड्याने घ्यावी का? घ्यावी, पण तारीख स्वतः ठरवून घ्यावी. रविवार रिकामा आहे म्हणून गेलेला गट आणि तिथी, वारा, लाट पाहून गेलेला गट यांना एकाच बोटीवर, एकाच तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) हाताखाली दोन अगदी वेगळे दिवस मिळतात. धरणात पाण्याची पातळी दिवसभरात बोटभरही हलत नाही, म्हणून आपल्याला ही सवय नसते. समुद्रात मात्र सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

हे परीक्षण रेवदंडा, कोर्लई, मुरुड या पट्ट्यापुरतं आहे. धुळ्याहून कसारा घाट उतरून एका रात्रीत पोचता येईल असा हा किनारा आहे. मालवणचं पाणी जास्त नितळ आणि भरती-ओहोटीतला फरक कमी, हे खरं; पण खानदेशातून तो प्रवास फार लांबचा होतो आणि थकलेला माणूस बोटीवर निम्माच उरतो. सुरत नंदुरबारला जवळ असलं तरी खंबातच्या आखाताच्या त्या बाजूला पाण्याचा ओढ जबर आणि पाणी गढूळ. पहिल्या वेळेसाठी ती जागा आम्ही सुचवणार नाही.

व्यवहार कसा असतो

बोट बहुधा २२ ते २८ फुटांची, फायबरची. मागे आउटबोर्ड इंजिन, नाहीतर आत बसवलेलं डिझेल इंजिन. सोबत तांडेल आणि एक खलाशी. भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं. पहाटे साडेपाचला जेटीवर हजर राहायचं, सहाच्या सुमारास सुटायचं आणि दुपारी दोन-तीनपर्यंत परत यायचं. फोनवरच पाच गोष्टी पक्क्या करा: इंधन भाड्यात धरलं आहे का, आमिष आणि बर्फ कोणाचा, पकडलेले मासे कोणाचे, जाळ्यात किंवा खडकात अडकून हरवलेल्या सामानाचे पैसे कोण देणार, आणि हवामान बिघडून बोट सुटली नाही तर आगाऊ रकमेचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. पैसे परत देईन किंवा दुसरी तारीख देईन असं स्पष्ट सांगणारा नाखवा (बोटमालक) निवडा, कारण ज्याला आगाऊ रक्कम बुडण्याची भीती नाही तो वाऱ्यापुढे नको तो हट्ट करत नाही. गटालाही तेच लागू आहे. पाचशे किलोमीटर आलो आहोत, आता जायचंच, हा आग्रह तांडेलावर टाकू नये. तो नाही म्हणाला तर नाही.

बोटीत सहा-आठ जण बसतील असं सांगितलं जातं. बसतात, पण गळ टाकू शकत नाहीत. इंजिन बंद करून बोट वाऱ्याबरोबर वाहू दिली की ती वाऱ्याच्या दिशेने सरकते. मग वाऱ्याकडच्या काठावरून सोडलेली दोरी बोटीपासून लांब राहते आणि दुसऱ्या काठावरची दोरी बोटीच्या पोटाखाली जाऊन पंख्यात किंवा शेजाऱ्याच्या दोरीत गुंतते. म्हणजे कामाची एकच बाजू उरते. त्या बाजूला तीन माणसं नीट उभी राहतात. चौथा मागच्या टोकाला आणि एक तांडेल, एवढ्यावर थांबावं. चौघांपेक्षा जास्त असाल तर दोन बोटी घ्या. भाडं दुप्पट होतं, पण सहा जणांच्या बोटीत निम्मा दिवस गुंता सोडवण्यात जातो आणि सगळे एका काठावर आले की बोट कलते.

तिथीचं गणित

किनाऱ्यावरचे जुने लोक घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात. रीत सोपी आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला तीन चतुर्थांशाने गुणा. येईल तो तास म्हणजे मुंबई-रायगड किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, अमावस्या-पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात दुपारी बाराच्या आसपास. दिवसात दोनदा भरती येते, त्यांच्यात साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून किंवा ॲपवरून घ्यावीच, पण तारीख ठरवायला घरातल्या भिंतीवरचं पंचांग पुरतं.

अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे दोन दिवस उधाण असतं. तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे चार मीटर फरक पडतो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतं, तेव्हा हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. कमी फरक म्हणजे कमी ओढ, आणि कमी ओढ म्हणजे गळ तळाशी टिकतो. त्याच जागी, १५ मीटर पाण्यात, भांगाला १०० ग्रॅमचं शिसं तळ धरून राहतं. उधाणाला २०० ग्रॅमही वाहून जातं आणि दोरी तिरकी होऊन मासा लागल्याचं हाताला कळत नाही. शिवाय उधाणाची ओढ तळाचा गाळ उठवते, पाणी चहासारखं होतं आणि कृत्रिम आमिष माशाला दिसत नाही.

मग भांगाचे सगळेच दिवस चांगले का? मासळीच्या दृष्टीने अगदी मंद पाणीही फायद्याचं नसतं. पाणी थोडं चालतं असेल तेव्हाच मासा खातो. भरती सुरू झाल्यावरचा पहिला दीड तास आणि भरती संपण्याआधीचा एक तास सर्वांत चांगला. पाणी थांबलेलं असतं त्या अर्ध्या तासात जेवण उरकून घ्यावं. हे धरून नवमी, दशमी, एकादशी या तिथी आम्ही पहिल्या सफरीसाठी सुचवतो. शुद्ध किंवा वद्य, दोन्ही चालतात.

दशमीचा दिवस घेऊन पाहू. सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. सहाला निघालात तर खाडीच्या तोंडावर भरपूर पाणी मिळतं आणि ठिकाणावर पोचून गळ टाकेपर्यंत भरतीचा शेवटचा तास हाती लागतो. पाऊणे-दोनच्या सुमारास ओहोटी संपते. भांग असल्यामुळे पाणी फार उतरत नाही, वाळूच्या दांड्यावर बोट घासत नाही. त्यानंतर नवी भरती आत शिरते आणि तिच्यासोबतच तुम्ही परतता.

आता अमावस्येचा दिवस घ्या. दुपारी बाराला भरती पूर्ण, म्हणजे दोन ते पाच या वेळेत कुंडलिकेचं पाणी जोरात बाहेर पडतं. नेमक्या त्याच वेळी खारे वारे जोरावर असतात आणि समुद्राकडून खाडीत घुसतात. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येतात. बाहेर खोल पाण्यात बोट शांत चाललेली असते आणि रेवदंडा-कोर्लईच्या तोंडाशी आल्यावर नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) पाणी आत येतं. लहान बोटींना या किनाऱ्यावर सर्वांत मोठा धोका इथे आहे, भर समुद्रात नव्हे. तिथी चुकली असेल आणि अशी वेळ आलीच, तर चांगला तांडेल बाहेरच थांबतो, ओढ मंदावू देतो आणि मग आत येतो. घाई करणारा तांडेल पुन्हा घेऊ नये.

वारा, लाट आणि ऋतू

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. किनाऱ्याजवळचं पाणी त्यामुळे तळ्यासारखं सपाट दिसतं आणि नवख्या माणसाला वाटतं, दिवसभर असंच राहणार. साडेदहा-अकरापर्यंत वारा पडतो. बारानंतर दिशा फिरते आणि वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. लांब जायचं असेल तर सकाळी जावं, अकरानंतर हळूहळू किनाऱ्याकडे सरकत यावं. दुपारी एकला सर्वांत लांबच्या ठिकाणी असलेली बोट घरी येताना सगळा वारा अंगावर घेते.

दोन अंदाज पाहावे लागतात. भारतीय हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज. इन्कॉइसच्या अंदाजात लाटेची उंची आणि दोन लाटांमधला काळ असे दोन आकडे असतात, आणि बहुतेक लोक पहिलाच वाचतात. एक मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट फक्त संथ वर-खाली होते. तीच एक मीटरची लाट चार-पाच सेकंदांनी आली तर दिवसभर हाडं खिळखिळी होतात. २४ फुटी बोटीसाठी आमची मर्यादा अशी: वारा ताशी १८ किलोमीटरच्या आत आणि लाट मीटरभराच्या आत असेल तर बिनधास्त निघा, वारा ताशी २८ च्या पुढे किंवा लाट दीड मीटरच्या पुढे असेल तर बोट सोडू नका. मधल्या पट्ट्यात तांडेलाला विचारा आणि किनाऱ्यालगतच राहा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विचारायचंही कारण नाही.

आपल्या भागातली एक खूणही उपयोगी पडते. हिवाळ्यात खानदेशात एका-दोन दिवसांत पारा झर्रकन उतरतो आणि शेकोट्या पेटतात, तेव्हा उत्तरेकडून वारा जोरात खाली उतरत असतो. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावरही उत्तरेचा वारा दिवसभर टिकतो आणि सकाळची शांतता मिळत नाही. थंडीची लाट सुरू झाल्याची बातमी आली की सफर चार दिवस पुढे ढकला.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण लाटांचा जोर सप्टेंबरभर असतो. गळाच्या सफरीसाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरुवात करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो आणि मे महिन्यात लांबून येणारी लाट वाऱ्याशिवायही येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जून हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही दिवस आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग याच रायगड किनाऱ्यावर धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून वर सरकलं. या काळात पाच दिवस आधीपासून रोज अंदाज पाहावा.

जेटीवर पाय ठेवल्यावर

या पट्ट्यातल्या सेवेची सर्वांत मोठी ताकद तांडेलांच्या डोक्यात आहे. खडप (पाण्याखालचा खडक) कुठे आहे, गाळ कुठे आहे, डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत, हे त्यांना यंत्राशिवाय कळतं. कमतरता आहे ती सुरक्षेच्या सामानात. जॅकेट असतात, पण बंद तुटलेले, फोम दबलेला, सगळे एकाच मापाचे. स्वतःचं जॅकेट घेऊन जाणं सर्वांत बरं. ते जेटीवरच अंगात घालावं आणि परत उतरेपर्यंत काढू नये. धरणात पोहता येतं म्हणून जॅकेट नको, हा युक्तिवाद ओढीच्या पाण्यात टिकत नाही. पोहणारा माणूस ताशी दोन-तीन किलोमीटर जातो, उधाणाची ओढ त्यापेक्षा वेगवान असू शकते.

बाकी पाहणी पाच मिनिटांची आहे. बोटीला प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का ते विचारा. मासेमारीची नोंदणी असलेली नौका आपोआप प्रवासी नौका होत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न तिथेच अडतो. इंधनाची टाकी पाहा: एक भाग जायला, एक यायला आणि एक शिल्लक, या हिशेबाने ती भरलेली असावी. इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टर आहे का विचारा. आउटबोर्ड इंजिन भर पाण्यात गुडगुडून बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टाकीत साठलेलं पाणी. दुसरं लहान इंजिन नसेल तर निदान वल्ही आणि नांगर हवेतच. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ते पाचपट लांब हवी. १५ मीटर पाण्यासाठी ६० मीटर. आणि नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढून टाकायचा. मागून टाकला की ओढीत बोटीचा मागचा काठ खाली दबतो आणि पाणी आत शिरतं. खलाशी आळस करून मागून बांधायला लागला तर स्पष्ट मना करा.

व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संच) असलेली बोट मिळाली तर तिला शंभर टक्के पसंती द्या. संकटासाठी त्यावर १६ क्रमांकाची वाहिनी असते. मोबाइलचा भरवसा किनाऱ्यापासून काही किलोमीटरपर्यंतच धरावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, आणि कोणत्या बोटीतून किती जण निघालात, किती वाजता परतणार, हे घरच्या एकाला मेसेज करून ठेवा. सोबत आधार कार्ड ठेवा, किनाऱ्यावर सागरी पोलीस विचारतात. बोटीवर दारू नको. गट कितीही जवळचा असो, यात सूट नाही.

सामान: घरचं काय चालतं, काय नाही

गिरणेवर रोहू-कटल्यासाठी वापरतो ती दहा फुटी काठी बोटीवर अडचणीची ठरते. इथे साडेसहा-सात फुटी, जाड बुडाची काठी हवी. दोन तुकड्यांची असेल तर तीन इंची पीव्हीसी पाइप कापून, दोन्ही टोकांना टोपण लावून नळकांडं करा. जळगावात पाइपला तोटा नाही आणि रेल्वेच्या बर्थखाली ते सहज मावतं.

रील ५००० ते ८००० मापाचं, त्यावर पीई ३ ते ४ जाडीची विणलेली दोरी निदान २०० मीटर. तिच्या टोकाला दीड-दोन मीटर ४० ते ६० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळची जोडदोरी. सुरमईसाठी त्यापुढे वीतभर-दीड वीत स्टीलची तार लावाच, सुरमईचे दात कसलाही तंगूस एका झटक्यात कापतात. पण तळाच्या मासेमारीत तार काढून टाका, तांबोशी आणि गोबरा तार पाहून मागे फिरतात. गळ गोल तोंडाचे, ५/० ते ७/०. शिसं ८०, १२० आणि २०० ग्रॅम, प्रत्येकी सहा-सहा तरी. खडपावर निम्मं शिसं तिथेच राहतं, म्हणून शिसं बांधायची दोरी मुख्य दोरीपेक्षा कच्ची ठेवा. अडकलं तर फक्त शिसं तुटतं, गळ आणि लीडर वाचतात.

भाड्याने मिळणाऱ्या काठ्या-रीलवर विसंबू नका. मीठ चढून रीलची ड्रॅग (दोरी सुटताना ताण देणारा ब्रेक) चिकटलेली असते आणि मोठा मासा लागला की ती धक्क्याधक्क्याने सुटते, दोरी तिथेच तुटते. ड्रॅग तपासायला वजनकाटा लावून ओढा: दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ती सुटायला हवी. ४० पौंडी लीडरसाठी सुमारे साडेचार किलो.

पिठाचे गोळे घरीच ठेवा. इथे चालतं ते ताजं मांस. चौघांना एका दिवसासाठी दोन किलो कोळंबी, एक किलो माकूल (स्क्विड) आणि किलो-दीड किलो बांगडा किंवा तारली पुरते. माकूल बोटभर रुंद पट्ट्यांत कापा, बांगड्याचे तिरके तुकडे करा आणि त्यावर आदल्या रात्री जाडं मीठ पसरा. मिठाने मांस घट्ट होतं आणि लहान मासे ते टोचून टोचून पळवत नाहीत. पाणी नितळ असेल तर ६० ते १०० ग्रॅमचे जिग आणि खोल जाणारी मिनो ही कृत्रिम आमिषं उपयोगी. पाणी गढूळ असेल तर त्यांच्या पेटीत हातच घालू नका.

पाण्यावर

सकाळी बाहेर जातानाच दोन काठ्या मागे सोडून मिनो ओढत न्यावी. ताशी ८ ते १० किलोमीटर वेग, आमिष बोटीमागे २५-३० मीटरवर. दोन्ही दोऱ्या वेगवेगळ्या अंतरावर ठेवा म्हणजे वळताना गुंतत नाहीत. आमिषाआधी बेअरिंगचं स्विव्हल (फिरती कडी) लावा, नाहीतर तासाभरात सगळ्या दोरीला पीळ पडतो. खडपाच्या काठावर, जिथे तळ एकदम दोन-तीन मीटर खाली जातो, तिथे सुरमई आणि सकला लागण्याची शक्यता जास्त. साळावच्या जेटीकडे जाणाऱ्या बार्जच्या वाटेत हे करू नये, त्यांना लहान बोटीसाठी थांबता येत नाही. जाळ्यांच्या बोयांपासूनही शंभर मीटर दूर राहा. तिथे मासेमारी ही कोणाची तरी रोजी-रोटी आहे.

ठिकाणावर पोचल्यावर तळाची मासेमारी. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्या आणि दोरी ताणलेली ठेवा. इथे धरणावरची सवय सर्वांत जास्त नडते. काठावरून लांब काठीने सपकन झटका मारायची आपल्याला सवय असते. गोल तोंडाच्या गळाला झटका दिला की तो माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतो. टोक वाकू द्या, वजन जाणवू द्या आणि फक्त रील फिरवा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. दुसरी चूक मासा बोटीजवळ आल्यावर होते. काठी डोक्यावर उभी धरली की सगळा ताण नाजूक टोकावर येतो आणि ते तुटतं. काठी कमरेच्या उंचीला ठेवा, मासा जाळीत किंवा आकड्याने खलाशाला घेऊ द्या.

काय लागतं? ढोमा, शिंगाळा, लहान गोबरे हे नेहमीचे. दिवस चांगला असेल तर रावस, तांबोशी, सकला. खाडीच्या तोंडाशी जिताडा. सुरमई हमखास मिळवून देतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वीतभराची सुरमई किंवा पापलेट गळाला आलं तर परत सोडा. राज्यात अनेक प्रजातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरलेलं आहे, आणि पापलेट तर आपला राज्यमासा.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, पाकटाच्या शेपटीचाही. आपल्या तापीच्या शिंगाड्याला हाताळतो तसं त्याला हातात धरू नका, चिमट्याने गळ काढा किंवा दोरी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा, म्हणजे वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहा. म्हणून गरम पाण्याचा एक थर्मास बोटीवर न्यावाच. नंतर डॉक्टर. फुगणारा केंड खाऊ नये. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

बोट लागण्याचा त्रास आपल्याकडच्यांना जास्त होतो, कारण सवय नसते. प्रवासात घेतात ती गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. आदल्या रात्री शेवभाजी आणि ठेचा नको. सकाळी कोरडी भाकरी, दोन केळी, थोडं आलं. बोटीच्या मध्यभागी किंवा मागे बसा, धुराकडे पाठ करा, नजर क्षितिजावर ठेवा. मान खाली घालून गाठी बांधत बसणारा सर्वांत आधी आडवा होतो, म्हणून लीडरच्या दहा-बारा जोड्या घरीच बांधून प्लॅस्टिकच्या तुकड्यावर गुंडाळून न्या. माणशी तीन लिटर पाणी.

मासे जळगावपर्यंत

सुरमई, बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात तासभर पडले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर चट्टे, डोकेदुखी, जुलाब होतात. म्हणून मासा बोटीवर आला की कल्ल्यामागे काप देऊन रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात टाका. दोन भाग चुरा बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा काला पेटीत तयार ठेवला तर मासा नुसत्या बर्फापेक्षा झटकन गार होतो. चौघांच्या सफरीला २५-३० किलो बर्फ लागतो. बरेच नाखवे पाच-सात किलोंची पिशवी आणतात आणि ती दहालाच संपते. बर्फ स्वतः घेऊन चढा.

उतरल्यावर पोट साफ करा, कल्ले काढा, प्रत्येक मासा पिशवीत बंद करा म्हणजे वितळलेल्या पाण्याने मांस पांढरं आणि बिलबिलीत होत नाही. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. वजनात माशाच्या दुप्पट. पेण-पनवेल-नाशिक मार्गे येताना नाशिकला पाणी काढून नवा बर्फ भरा. रेल्वेने येणार असाल तर पेटीला चारही बाजूंनी पट्टी लावा, खाली जाड प्लॅस्टिक घाला. घरी आल्यावर सुरमई काळ्या मसाल्यात घालू नका, तिची चव त्यात बुडते. हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर भाजा. काळा मसाला शिंगाळ्याला आणि ढोम्याला मात्र उत्तम लागतो.

रील त्याच रात्री धुवावं. ड्रॅग घट्ट करून, नळाच्या हलक्या धारेखाली. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी पिण्याच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा, ड्रॅग सैल करा आणि सावलीत वाळवा. गळ आणि स्विव्हल गोड्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी तेलाचा हात फिरवा. गंज धरलेला गळ पुढच्या सफरीला नेऊ नका.